सुटं झाकण मिळेल

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. जन्मभर दवाखान्यात नर्स होते, आणि तिथे लाडीगोडी लावत बसलं तर कुणी गोळी गिळत नाही. नोकरी संपली तरी गल्ली मला अजून सिस्टरच म्हणते. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या वहिनीची आहे. तिला कुणी विचारलंच तर "माझं काय हो सांगायचं" एवढंच म्हणेल, म्हणून मलाच तोंड उघडावं लागतंय.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. घर आमच्या आईवडिलांचं. मी लग्न केलं नाही, त्या दोघांना मूल झालं नाही, तेव्हा आम्ही तिघंच राहायचो. दादा होता तोवर वहिनीला आणि मला एकमेकींशी थेट बोलायची फारशी गरजच पडली नाही. तिला मला काही सांगायचं असलं की ती दादाला सांगायची. मला तिला टोमणा मारायचा असला की मी दादाला मारायचे. तो बिचारा मधे बसून दोन्हीकडचं ऐकायचा आणि पेपर वाचायचा. मग एका पहाटे तो झोपेतच गेला, आणि टेबलाच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला ती, अशा आम्ही उरलो. काय बोलायचं तेच कळेना. "मीठ द्या" आणि "दिवा बंद कर" यावर आमचे महिने निघाले.

तर झाकणाचं असं झालं. दादाने हौसेने एक पसरट भांडं आणलं होतं, काचेच्या झाकणाचं. एक दिवस ते झाकण वहिनीच्या हातून निसटलं आणि फरशीवर त्याचा चुरा झाला. तिच्या हातात नुसती वरची गोळी राहिली. दादा गेला तेव्हा चारचौघांत जी बाई हूं की चूं करत नव्हती, ती त्या गोळीकडे बघत स्वयंपाकघरात खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मी काचा गोळा केल्या. दुसरं मला काय येतं!

दुसऱ्या दिवशी तिने सगळा बाजार पालथा घातला. संध्याकाळी परत आली ती तणतणत. या बाईला राग येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"वन्सं, भांडं कधी फुटतं का हो?"

"नाही फुटत."

"मग काय फुटतं?"

"झाकण," मी म्हटलं.

"आणि दुकानात काय मिळत नाही? झाकण! जिथे जावं तिथे तेच, सुटं झाकण मिळत नाही मावशी, नवीन भांडं घ्या, झाकण त्याच्यासोबत येतं. म्हणजे चांगलं धडधाकट भांडं टाकून द्यायचं का?" तिने पिशवी खुर्चीवर आपटली. "घरोघरी बायका ताटल्या झाकून दिवस काढतायत. कुणालाच कसं सुचत नाही?"

मी म्हटलं, "तुला सुचलंय ना, मग तूच विक." मी हे चेष्टेत म्हटलं होतं. माझी चेष्टा कुणाला कळत नाही, हा माझा जुना त्रास आहे.

त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ आला. त्याचं दुसऱ्या गावात चष्म्याचं दुकान आहे. माणूस तसा चांगला, पण इतका सभ्य की माझ्या डोक्यात जातो. चहा घेऊन झाल्यावर त्याने विषय काढला. "ताई, आता तू माझ्याकडे चल. इथे सिस्टरच्या घरात किती दिवस राहणार?" सिस्टरच्या घरात! मी स्वयंपाकघरात कप विसळत होते, माझा हात थांबला. वहिनी म्हणाली, "कुणावर भार होऊन मी इथेही राहणार नाही आणि तिथेही नाही. मी एक धंदा करून बघते आहे. थंडी संपेपर्यंत बघते. स्वतःचं स्वतःला पुरलं तर राहीन, नाही जमलं तर तू म्हणशील तशी येईन."

त्याने आत डोकावून मला विचारलं, "सिस्टर, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "तिची मर्जी."

एवढंच म्हटलं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ती निघून जाईल या भीतीने माझं जेवणावरचं लक्ष उडालं, पण हे बोलून दाखवणं माझ्या रक्तातच नाही. "राहा" हा दोन अक्षरी शब्द माझ्या तोंडातून येईना. त्याऐवजी मी त्या झाकणांच्या मागे लागले.

गल्लीतल्या झेरॉक्सवालीने वहिनीला फोनवर दुकान उघडून दिलं. दुकान म्हणजे काय, तर एक फोटो, त्याखाली माप, त्याखाली किंमत. दुकानाला नाव दिलं 'सुटं झाकण मिळेल'. मी म्हटलं, हे काय नाव आहे? ती म्हणाली, "दुकानदार जे म्हणाला त्याच्या उलटं." मला ते आवडलं, पण मी तसं म्हटलं नाही.

मग सामान जमवायला सुरुवात झाली. फोटोला मागे पांढरं लागतं म्हणे. चादर लावली तर सुरकुत्या दिसायच्या. शेवटी तिने माझा नोकरीतला पांढरा कोट मागितला. खळ घालून कडक इस्त्री केलेला, कपाटात जपून ठेवलेला कोट! मी म्हटलं, "उद्या माझी टोपी मागशील, परवा मलाच भिंतीला लावशील." पण दिला. खिडकीजवळ दादाचं टेबल सरकवलं, त्यावर कोट पसरला आणि सकाळचं ऊन सरळ आत यायच्या आधी फोटो काढायचे असं ठरलं, कारण ऊन आलं की स्टील चमकतं आणि झाकणात वहिनीचं नाक दिसतं. पहिल्या सगळ्या फोटोंत नाक होतं.

खोक्यांसाठी औषधांची दुकानं कामाला आली. तिथे अजून माझा वट आहे. टीव्हीच्या दुकानातून फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक मिळालं. काचेचं झाकण दोन पुठ्ठ्यांच्या चकत्यांमधे ठेवायचं, वरून सुतळी बांधायची, मग खोक्यात उभं ठेवायचं. आडवं ठेवलं की फुटतं. हे आम्हाला एक फुटल्यावर कळलं. जागेचा प्रश्न आला तेव्हा तिने जेवणाच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार बांधली आणि आकड्यांना झाकणं टांगली. दार उघडलं की वाऱ्याने सगळी एकदम वाजायची. पोस्टमन दचकायचा. मी म्हटलं, घर आहे की देऊळ! पण खरं सांगते, दादा गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा काहीतरी वाजत होतं.

आणि माल? मालासाठी आम्ही भंगारवाल्याकडे जायचो. रेल्वेच्या फाटकापलीकडे त्याचं मोठं आवार होतं. अंगाने दांडगा माणूस, सगळे त्याला पैलवान म्हणायचे. त्याच्याकडे भांडी वजनावर यायची आणि वितळायला जायची. कोपऱ्यात झाकणांचा ढीग पडलेला असायचा, कारण झाकणं पातळ, वजनाला हलकी, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नाकाला पदर लावून उभी होते. वहिनी मात्र त्या ढिगापुढे अशी बसली की जणू माहेरी आली.

ती एकेक झाकण उचलायची, फुंकर मारायची, कडेवरून बोट फिरवायची. मग पिशवीतून एक फरशीचा तुकडा काढायची आणि त्यावर झाकण पालथं ठेवून दोन बोटांनी दाबायची. डुललं की बाद. डुललं नाही की पिशवीत.

पैलवान हसत होता. "मावशी, झाकण घेताय की जावई बघताय?"

वहिनी मान वर न करता म्हणाली, "जावई डुलला तरी चालतो, झाकण डुलून चालत नाही."

मी चाटच पडले. घरात जिच्या तोंडाला कुलूप, ती इथे भंगारवाल्याला गप्प करते! आणि भाव करताना तर विचारू नका. त्याने एक सांगितलं की ती पिशवी जागच्या जागी सोडून चालू लागायची, आणि मी वेडी पिशवी उचलायला धावायचे. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही पिशवीला हात लावू नका हो. त्याला कळतं, आपल्याला हवी आहे ते." पुढे पुढे पैलवान आपणहून चांगली झाकणं बाजूला काढून ठेवायला लागला. बंद पडलेल्या एका खानावळीची भांडी आली तेव्हा त्याने फोन करून बोलावलं. परत येताना आम्ही दोघी दोन्हीकडून पिशवी धरून चालायचो आणि मधे ती खणखणायची. लोक वळून बघायचे. आम्ही हसायचो. दोघी एकत्र हसलो हे घरी आल्यावर माझ्या लक्षात यायचं.

पहिली ऑर्डर आली त्या दिवशी वहिनी फोन हातात धरून खोलीभर फिरली. घेणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'गृहिणी' लिहिलं होतं. पत्ता नदीपलीकडच्या गावातला. पार्सल असं बांधलं की जणू आत तान्हं मूल आहे. चार दिवसांनी 'गृहिणी'ने पाच तारे दिले आणि लिहिलं, "अगदी बरोबर बसलं. जणू याच भांड्यासाठी केलं होतं." वहिनीने ते मला वाचून दाखवलं, भावाला फोनवर वाचून दाखवलं, पैलवानालासुद्धा वाचून दाखवलं. 'गृहिणी'ने आणखी एक घेतलं. मग आणखी एक, असं करत सात. हळूहळू इतर लोकही घेऊ लागले आणि मला वाटलं, चला, ही कुठे जात नाही आता.

कसलं काय! तक्रारी सुरू झाल्या. एकीने फोटो पाठवला, पातेल्यात दूध आणि दुधाच्या तळाशी आमचं झाकण. दुसरीने लिहिलं, "तुमचं झाकण भांड्यावर बसत नाही, भांड्यात बसतं." एका गृहस्थाने तर विचारलं, "हे झाकण आहे की बशी?" पार्सलं परत यायला लागली. मी भडकले. "नाचता येईना अंगण वाकडं! लोकांना स्वतःची भांडी मोजता येत नाहीत आणि दोष झाकणाला. थांब, मी दाखवते."

माझ्या कपाटात एक स्टीलची फूटपट्टी आहे, दवाखान्यातली. परत आलेलं एक झाकण मी टेबलावर ठेवलं. "किती लिहिलंयस याचं माप?"

"वीस सेंटिमीटर."

मी पट्टी लावली. अठरा. पुन्हा लावली. अठरा. दुसरं झाकण घेतलं. तिने लिहिलं होतं चोवीस, पट्टी म्हणाली बावीस. वहिनीने पळत जाऊन शिवणाच्या डब्यातून टेप आणली. पिवळी, कापडी, आईच्या वेळची टेप. तिच्या टेपने वीसच भरत होतं! दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा उजेड पडला. आमच्या टेपचा पहिला आकडा एक नव्हताच. ती दोनपासून सुरू होत होती.

आणि मग दोघींना एकदमच आठवलं. दादा! कधीकाळी त्याने रेडिओची तार खिडकीला ठोकताना खिळ्याखाली घालायला टेपचं टोक कापलं होतं. घरात चिंधी नव्हती म्हणे. नव्या नवरीने, म्हणजे हिने, बिचारीने, धागे सुटू नयेत म्हणून कापलेल्या टोकाला बारीक टीप घातली होती. ती इतकी सुबक की नंतर कुणाला तिथे काही कमी आहे असं वाटलंच नाही. त्या टेपने आम्ही जन्मभर मोजलं. खिडकीही तिनेच मोजली आणि पडदाही तिनेच, अंगही तिनेच आणि कपडाही तिनेच. कधी काही चुकलं नाही. घरातल्या घरात ती टेप अगदी खरी होती. माप पहिल्यांदाच घराबाहेर गेलं आणि लोकांच्या दुधात बुडालं.

वहिनी हसायला लागली. "काय हा माणूस! जाता जाता माझा धंदा बुडवून गेला." मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग ते पाणी हसण्याचं की कशाचं तेही कळेना. तिने टेपच्या त्या टोकावरून अंगठा फिरवला, जसा झाकणाच्या कडेवरून फिरवायची तसा.

मग तिने फोन उघडला. माझ्याकडे बघितलं.

"वन्सं, सगळ्या झाकणांची मापं चुकलेली होती ना?"

"सगळ्या."

"मग 'गृहिणी'ला सात झाकणं अगदी बरोबर कशी बसली?"

मला काय माहीत! पण तिने मनाशी हिशेब जुळवला होता. नदीपलीकडच्या त्या गावात माझी दवाखान्यातली एक मैत्रीण राहते, आणि वहिनीला ते ठाऊक होतं. ती म्हणाली, "तुम्ही घेतलीत. मैत्रिणीच्या पत्त्यावर. माझी कीव आली म्हणून."

"डोंबल!" मी ओरडले. "मी? मला कीव करायची असती तर तोंडावर केली असती! असले चोरटे धंदे मी करत नाही."

"मग दुसरं कोण करणार? मला इथे कोण आहे?"

तिने ते अगदी हळू विचारलं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, मी आहे. मी म्हटलं, "शपथ घेऊ का?" ती म्हणाली, "नको." तिचा विश्वास बसला नाही. तिच्या दृष्टीने हिशेब सोपा होता. जी झाकणं खरोखर गिऱ्हाइकाला गेली ती सगळी परत आली, आणि जी राहिली ती दयेपोटी घेतलेली. म्हणजे तिचं खरं असं एकही झाकण विकलं गेलं नव्हतं. संध्याकाळी तिने भावाला फोन केला. "थंडी संपत आली रे. रविवारी ये न्यायला."

मधले दिवस ती कपाट आवरत होती आणि मी झाकणं मोजत होते. तारेवरून एकेक काढायचं, स्टीलची पट्टी लावायची, चिठ्ठी चिकटवायची, परत टांगायचं. ती आतून विचारायची, "कशाला करताय आता?" मी म्हणायचे, "मला चुकीचं खपत नाही." दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. पुन्हा "मीठ द्या" आणि "दिवा बंद कर" यावर आलो होतो. एक दिवस पैलवानाचा फोन आला, नवा ढीग आलाय म्हणून. तिने तो घेतला नाही. वाजून वाजून बंद झाला.

रविवारी भाऊ आला. वहिनीची बॅग दाराशी तयार होती. त्याच्या हातातही एक पिशवी होती आणि ती खणखणत होती. मला तो आवाज ओळखीचा वाटला.

"ताई, चिडू नकोस," तो खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाला. "ही परत घे. तुझ्या मालात टाक. घरात मला रोज ओरडा बसतोय. एकही कशाला बसत नाही."

पिशवीतून सात झाकणं निघाली. दोन तर अजून पुठ्ठ्यांच्या चकत्यांत, आमच्याच सुतळीने बांधलेली.

वहिनी उभीच राहिली. "तू? तू 'गृहिणी'?"

"दुकानातला माणूस नदीपलीकडे राहतो. त्याचा पत्ता दिला." तो कानापर्यंत लाल झाला होता. "नाव काय लिहावं सुचेना."

"अरे, पण मला न्यायला तूच टपलेला होतास ना? धंदा बुडला असता तर तुझंच काम झालं असतं!"

"बोलावणं माझं काम आहे, ताई. भाऊ आहे मी. तुला घर नाही असं तुला कधी वाटू नये म्हणून बोलावलं." त्याने चष्मा काढून पुसला. "पण भंगारवाल्याला काय बोललीस ते सांगताना तू फोनवर हसलीस. जावई डुलला तरी चालतो म्हणून. दाजी गेल्यापासून तुझं हसू ऐकलं नव्हतं मी. म्हटलं, हे बंद पडायला नको. म्हणून घेतली."

आता सांगा, अशा माणसावर चिडायचं तरी कसं! इतके दिवस ज्याला मी मनातल्या मनात पळवून नेणारा म्हणत होते, तो हिला इथेच ठेवायला झाकणं विकत घेत होता. आणि मी, जिला ती इथे हवी होती, मी काय केलं? पट्टी लावत बसले.

वहिनी आमच्याकडे पाठ करून टेबलाशी गेली आणि उगाचच एका खोक्याला सुतळी बांधायला लागली.

भाऊ माझ्याकडे वळला. "सिस्टर, तुमचं काय म्हणणं?"

"तिची..." एवढं माझ्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात मला दिसलं, वहिनीचे हात थांबले होते. सुतळी तशीच अर्धी धरून ती उभी होती. पाठमोरी होती, पण सगळं अंग कान करून उभी होती.

"तिची मर्जी गेली खड्ड्यात!" मी ओरडले. भाऊ दचकून उठला. "झाकणं खपोत नाहीतर गंजोत, मला काय करायचंय त्यांच्याशी? हिने एक दमडी मिळवली नाही तरी मला चालतं. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय आहे मला, एक कप मला टाकता येत नाही. मी भांडायचं कुणाशी? ही गेली तर मी दादाबद्दल बोलायचं कुणाशी? मला ही हवी आहे. हिने इथेच राहायचं. हे माझं घर नाही, आमचं आहे!"

आणि मग मला, भर दिवसा, परक्या पुरुषासमोर, रडू आलं. चाळीस जणांच्या वॉर्डात कधी आलं नव्हतं ते.

वहिनी वळली. तिचेही डोळे भरले होते, पण रागही होता. तसाच, त्या पहिल्या दिवशी बाजारातून आली होती तसा.

"मग हे थंडीच्या आधी सांगायला काय झालं होतं? एवढी झाकणं गोळा करायला लावलीत ती मला!"

"तू विचारलंस का कधी?"

"वन्सं, राहू का, असं घरच्या माणसाने विचारायचं असतं का?"

ती पुढे आली, तिने पदराच्या टोकाने माझं तोंड पुसलं, खरं तर खसाखसा घासलंच, भांडं घासल्यासारखं. मग भावाला म्हणाली, "ती बॅग आत नेऊन ठेव." भावाची पिशवी तिने टेबलावर उलटी केली, स्टीलची पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "रडून झालं असेल तर ही सात मोजून द्या. नीट मोजा हं. शून्यापासून."